शांततेची तारीख

३० सप्टेंबर १९७७ च्या संध्याकाळी टालिन शहरातील पॉलिटेक्निक संस्थेच्या सभागृहात एक मैफल झाली. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघाचे एक गणराज्य होते. त्या संध्याकाळी दोन समकालीन रचना वाजल्या. पहिली आल्फ्रेड श्निट्के ह्यांची 'काँचेर्टो ग्रोस्सो क्रमांक १' आणि दुसरी आर्वो पॅर्ट ह्यांची 'टाब्युला रासा', म्हणजे कोरी पाटी. दोन्ही रचनांची वाद्ययोजना जवळजवळ सारखीच होती : दोन व्हायोलिन, तंतुवाद्यांचा लहान वृंद आणि एक 'सज्ज केलेला' पियानो. ह्या पियानोच्या तारांत स्क्रूसारख्या वस्तू अडकवलेल्या असतात, त्यामुळे त्याचा नाद घंटेच्या जवळ जातो. संचालक एरी क्लास ह्यांनी पॅर्ट ह्यांच्याकडे रचना मागितली ती श्निट्केंच्या रचनेशी जुळेल अशा वाद्यांसाठीच. व्हायोलिनवर रिगा शहरात जन्मलेले गिडॉन क्रेमर आणि तात्याना ग्रिंडेंको होते आणि पियानोवर खुद्द श्निट्के बसले होते.

पॅर्ट ह्यांची स्वरलिपी हाती पडल्यावर वादक गोंधळले, ह्यात संगीत कुठे आहे असे विचारू लागले, अशी आठवण नंतर सांगितली गेली. प्रश्न चुकीचा नव्हता. कागदावर फारसे काही नव्हते. 'सिलेन्टियम' ह्या दुसऱ्या भागात एकच साधी स्वरपंक्ती हळूहळू विस्तारत जाते, आणि शेवटी सूर खाली उतरत उतरत सर्वांत खर्जातल्या वाद्यापाशी येतो. आणखी एक पायरी उतरली की मूळ स्वर येणार, हे श्रोत्याच्या कानाला ठाऊक असते. तो स्वर येत नाही. त्याच्या जागी स्वरलिपीत रिकामी मात्रांची घरे आहेत. रचना शांततेत पूर्ण होते, आणि ती शांतता रचनेचाच लिहिलेला भाग आहे.

पुढे ही शांतता जगभर पोचली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीतील बॉन येथे झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण जर्मन रेडिओने केले. म्युनिकच्या 'ईसीएम' ह्या ध्वनिमुद्रिका कंपनीचे संस्थापक मान्फ्रेड आयखर ह्यांनी पॅर्ट ह्यांचे संगीत प्रथम ऐकले ते गाडी चालवताना, रेडिओवर. १९८४ साली त्यांनी 'टाब्युला रासा' ह्याच नावाची ध्वनिमुद्रिका काढली आणि तिच्यापासून 'न्यू सीरिज' ही स्वतंत्र मालिका सुरू केली. पाश्चात्त्य समीक्षकांनी ह्या प्रकारच्या संगीताला 'पवित्र मिनिमलिझम' असे काहीसे तिरकस नाव दिले. श्रोत्यांना त्यात कालातीतता, उत्तरेकडील बर्फाळ निःशब्दता, ध्यान, विश्रांती असे बरेच काही सापडले. पॅर्ट ह्यांची 'श्पीगेल इम श्पीगेल' (१९७८) ही रचना तर इतक्या चित्रपटांत वापरली गेली की मृत्यू किंवा विरह पडद्यावर आला की ती येणारच अशी अवस्था झाली.

ही स्वीकृती खोटी नाही. मात्र तिच्यात एक चूक दडलेली आहे असे मला वाटते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटेल. एखाद्या कृतीला 'कालातीत' म्हणून गौरवायचे आणि त्याच वाक्यात तिचा काळ पुसून टाकायचा, ही ती चूक. तुकोबांचे अभंग शाश्वत आहेत असे म्हणताना १६३० च्या सुमाराचा दुष्काळ नजरेआड झाला, तर त्या अभंगांतले बरेच काही हाती लागत नाही. उत्तर युरोपच्या आधुनिक संगीतातील ज्या शांततेवर जग भाळले, तिलाही तारीख आहे आणि पत्ता आहे. चेंबर संगीत, कंठसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक संगीत असे ह्या प्रदेशाच्या संगीताचे तीन दालनांत दर्शन घ्यायचे, तर प्रत्येक दालनात ही तारीख कुठे लिहिलेली आहे ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

पॅर्ट ह्यांचा जन्म १९३५ सालचा, म्हणजे स्वतंत्र एस्टोनियातला. ते स्वातंत्र्य १९१८ साली मिळाले होते आणि १९४० साली संपले. आधी सोव्हिएत, मग जर्मन, आणि १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत अशा तीन सत्तांतरांत त्यांचे बालपण गेले. मार्च १९४९ मध्ये एकट्या एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसांना काही दिवसांत सैबेरियाकडे हद्दपार करण्यात आले. पॅर्ट तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्यांच्या पिढीला बोलण्याआधी गप्प बसणे शिकावे लागले, हे पुढचे समजण्यासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

टालिनच्या संगीत विद्यालयात हाइनो एलर ह्यांच्याकडे शिकत असतानाच पॅर्ट एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रण अभियंता म्हणून काम करू लागले आणि १९६७ पर्यंत त्या नोकरीत राहिले. सत्तेशी त्यांचे संबंध सुरुवातीपासून दुहेरी होते. १९६० साली त्यांनी 'नेक्रोलॉग' ही वाद्यवृंदरचना लिहिली. फॅसिझमच्या बळींना अर्पण केलेल्या ह्या कृतीत त्यांनी बारा स्वरांची पद्धती वापरली आणि सोव्हिएत संगीतकार संघाचे प्रमुख तिखॉन ख्रेन्निकोव्ह ह्यांनी तिच्यावर पश्चिमेच्या अनुकरणाचा ठपका ठेवला. १९६२ साली त्याच पॅर्ट ह्यांना मुलांच्या गायकवृंदासाठी लिहिलेल्या 'आमची बाग' ह्या रचनेबद्दल मॉस्कोत पारितोषिक मिळाले. ज्या राजवटीने फटकारले तिनेच पाठ थोपटली. नेमके काय केले की काय होते, ह्याचा अंदाज लागू न देणे हीच त्या राजवटीची पद्धत होती.

१६ नोव्हेंबर १९६८ रोजी टालिनमध्ये नेएमे यार्वी ह्यांच्या संचालनाखाली पॅर्ट ह्यांचे 'क्रेडो' सादर झाले. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंद ह्यांच्यासाठी लिहिलेली ही रचना बाखच्या एका सुपरिचित प्रील्यूडवर उभी आहे. बाखचे शांत स्वर आधुनिक गोंगाटात बुडतात, चिरडले जातात आणि अखेर पुन्हा वर येतात. डोळ्याबद्दल डोळा ह्या न्यायाला नकार देणारे बायबलमधील वचन तीत आहे, आणि येशूवर आपला विश्वास आहे असे सांगणारे मोजके लॅटिन शब्द आहेत. वादळ उठले ते ह्या शब्दांवरून. श्रोत्यांनी रचना पुन्हा वाजवायला लावली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे सोव्हिएत संघात ती वाजली नाही.

इथे थोडे थांबावेसे वाटते. 'क्रेडो'तील स्वररचना त्या काळाच्या मानाने भलतीच धाडसी होती, पण तिच्या विसंवादांवर अधिकाऱ्यांना नेमके बोट ठेवता आले नसते. बोट ठेवता आले ते शब्दांवर. शब्द वाचता येतो, त्याचा अर्थ फायलीत नोंदवता येतो, त्याबद्दल जबाब घेता येतो. सुराचे तसे होत नाही. सेन्सॉर हाही एक वाचकच असतो. तो अरसिक असेल, पण निरक्षर नसतो.

'क्रेडो'नंतर पॅर्ट जवळजवळ आठ वर्षे गप्प राहिले असे म्हटले जाते. त्याला अपवाद आहेत. १९७१ साली तिसरी सिंफनी आली, आणि उदरनिर्वाहासाठी चित्रपटांचे संगीतही ते लिहीतच होते. तरी आपला म्हणावा असा आवाज त्यांनी बंद केला होता हे खरे. ह्या काळात त्यांनी ग्रेगोरियन गायन आणि मध्ययुगीन बहुस्वर संगीत ह्यांचा अभ्यास केला, एकेरी स्वरपंक्तींनी वह्या भरल्या, आणि ऑर्थोडॉक्स चर्चचा स्वीकार केला. १९७६ साली 'फ्यूर अलिना' ही पियानोची दोन पानी रचना आली. तिच्यातून जी शैली जन्मली तिला पॅर्ट ह्यांनी घंटानादाच्या लॅटिन शब्दावरून 'टिंटिनाब्युली' असे नाव दिले.

ह्या शैलीचे तत्त्व चार ओळींत सांगता येते. दोन आवाज असतात. एक स्वरसप्तकात पायरी पायरीने चालतो. दुसरा मूळ त्रिस्वरीच्या तीन सुरांपलीकडे कधी जात नाही, पण पहिल्याच्या प्रत्येक सुराला आपला एक सूर देतो. आपल्याला तंबोऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण भेद महत्त्वाचा आहे. तंबोरा गायकाच्या मागे अखंड वाहत असतो. इथे दुसरा आवाज पहिल्याच्या बरोबरीने, सुरास सूर देत पाऊल टाकतो. पहिला भटकतो आणि दुसरा घराची जाणीव देत राहतो.

ह्याच वर्षांतल्या काही शीर्षकांकडे पाहिले म्हणजे शांततेची तारीख अगदी उघडी दिसते. १९७७ च्या 'सुमा' ह्या रचनेचे नाव 'सार' किंवा 'बेरीज' अशा अर्थाचे, कोणालाही न खटकणारे आहे. प्रत्यक्षात तिची संहिता म्हणजे ख्रिस्ती श्रद्धावचन, अर्थात 'क्रेडो'च. नऊ वर्षांपूर्वी ज्या शब्दाने घात केला तो शब्द शीर्षकातून काढून आत लपवलेला आहे. १९७६ च्या 'इन स्पे' ह्या कंठसंगीतात शब्दच नव्हते, केवळ स्वर गायले जात. 'इन स्पे' म्हणजे आशेत. पुढे पश्चिमेत आल्यावर हीच रचना बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या निर्वासितांच्या स्तोत्राचे नाव घेऊन आली. 'मोडुस' ह्या कोरड्या शास्त्रीय नावाने लिहिलेली रचना नंतर 'सारा नव्वद वर्षांची होती' झाली. बायबलमधील वांझ सारेला म्हातारपणी मूल होते, ती कथा. अ, ए, ओ अशा उच्चारांमागे एक स्तोत्र दबा धरून बसले होते, आणि ते बाहेर यायला देश सोडावा लागला. ह्या रचना ऐकताना 'निर्मळ', 'शब्दातीत' अशी विशेषणे सुचतात. शब्द तिथे का नव्हता हे कळले की 'शब्दातीत' हे विशेषण जपून वापरावेसे वाटते.

जानेवारी १९८० मध्ये पॅर्ट कुटुंबासह व्हिएन्नाला गेले आणि पुढे बर्लिनमध्ये स्थायिक झाले. निघताना ब्रेस्त येथील सरहद्दीच्या रेल्वे स्थानकावर त्यांचे सामान तपासले गेले. पेट्यांत स्वरलिप्या, ध्वनिमुद्रिका आणि फिती होत्या. हे काय आहे ते ऐकवा, असे पोलिसांनी फर्मावले. रिकाम्या ठाण्यात पॅर्ट ह्यांचे 'कँटस' वाजले आणि मग एक मास वाजला. ते सारे एखाद्या प्रार्थनाविधीसारखे होते आणि पोलीस मवाळ झाले होते, असे पॅर्ट ह्यांनी अनेक वर्षांनी एका मुलाखतीत सांगितले. ह्या प्रसंगातून संगीताच्या विजयाची कथा रचण्याचा मोह टाळावा. पोलीस मवाळ झाले तरी गाडी बाहेरच्याच दिशेने गेली.

२

शब्द गमावून पॅर्ट शांततेकडे वळले असे म्हटले, तर त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे असलेले वेल्यो टोर्मिस (१९३०–२०१७) उलट दिशेने चालले. त्यांनी जवळजवळ सगळी शक्ती शब्दांसाठी खर्च केली.

एस्टोनियात सामूहिक गायन ही करमणूक कधीच नव्हती. टार्टू येथे १८६९ साली पहिला गानोत्सव भरला तेव्हा एस्टोनियन ही मुख्यतः शेतकऱ्यांची भाषा होती, आणि जमीन व प्रतिष्ठा जर्मन सरदारवर्गाकडे होती. लिडिया कोइडुला ह्या कवयित्रीच्या कविता त्या उत्सवात गायल्या गेल्या. तिच्याच मातृभूमीवरील कवितेला पुढे गुस्ताव एर्नेसाक्स ह्यांनी नवी चाल दिली. सोव्हिएत काळात हे गीत अधिकृत कार्यक्रमातून गळाले, पण १९६० च्या उत्सवात कार्यक्रमपत्रिकेत नसतानाही गायकवृंदाने ते गायले. १९८८ च्या उन्हाळ्यात टालिनच्या गानमैदानावर लोक रात्रीमागून रात्री गात राहिले. ह्या काळाला चित्रकार हाइन्झ व्हाल्क ह्यांनी 'गाणारी क्रांती' हे नाव दिले. ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला.

इतिहासाची ही बाजू आता सर्वांना परिचित आहे. टोर्मिस ह्यांचे काम अधिक अवघड आणि अधिक एकाकी होते. एस्टोनियन लोकगीताचा जो प्राचीन प्रकार आहे, त्याला 'रेगिलाउल' म्हणतात. अष्टाक्षरी चरण, आद्य अनुप्रास, एकच आशय दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगणे, आणि एकीने ओळ उचलली की इतरांनी ती झेलणे, ही त्याची लक्षणे. जात्यावरील ओव्या ऐकलेल्या वाचकाला हे जग फार परके वाटणार नाही. आपण लोकगीत वापरत नाही, लोकगीत आपल्याला वापरते, अशी टोर्मिस ह्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी ह्या गीतांवर स्वतःचे अलंकार चढवले नाहीत. चाल तशीच ठेवून तिच्याभोवती आवाजांचे थर रचले.

१९७० ते १९८९ ह्या वीस वर्षांत त्यांनी 'विस्मृत लोक' हे सहा मालिकांचे गायकवृंदकाव्य पूर्ण केले. लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन, वेप्सियन आणि करेलियन अशा सहा समाजांची गीते त्यात आहेत. हे सारे एस्टोनियन आणि फिनिश लोकांचे भाषाबंधू. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापासून रशियाच्या उत्तरेपर्यंत विखुरलेल्या ह्या समाजांच्या भाषा विसाव्या शतकात वेगाने आटत गेल्या. लाटव्हियाच्या किनाऱ्यावरील लिव्होनियन कोळ्यांची वस्ती सोव्हिएत काळात लष्करी सरहद्दीचा भाग झाली. समुद्रावर जाणे बंद झाले, माणसे पांगली आणि भाषेचा व्यवहारच संपला. लिव्होनियन मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती म्हणून जिची नोंद झाली, ती वृद्धा २०१३ साली कॅनडात वारली. तेव्हा तिचे वय शंभरीपार होते.

भाषा मरते तेव्हा आरडाओरडा होत नाही, घरात बोलणारे दुसरे माणूस उरत नाही इतकेच. टोर्मिस ह्यांच्या लिव्होनियन मालिकेतील पहिल्या गीतात पाखरांना जागे केले जाते. ते ऐकताना वसंतातला एक गोड विधी समोर येतो. गाणाऱ्या गायकवृंदातील जवळजवळ कोणाचीही ती मातृभाषा नाही, हे कळले की त्याच गोडव्याची जात बदलते. ह्या संगीतालाही 'प्राचीन', 'कालातीत' अशी लेबले लागली. पण गीत प्राचीन असले तरी ते गायकवृंदासाठी रचण्याची गरज १९७० ची आहे.

टोर्मिस ह्यांना हे पुरते ठाऊक होते, हे त्यांच्या 'लोखंडाला शाप' (१९७२) ह्या रचनेवरून दिसते. 'कालेवाला'मधील एका मंत्राचा आधार घेऊन आउगुस्त आन्निस्त, पाउल-एरिक रुम्मो आणि यान काप्लिन्स्की ह्या कवी-अभ्यासकांनी तिची संहिता सिद्ध केली. जुन्या मंत्रविद्येत अशी समजूत आहे की, एखाद्या वस्तूची उत्पत्ती ठाऊक असली म्हणजे तिच्यावर सत्ता चालवता येते. म्हणून गायक लोखंडाला त्याचा जन्म आठवून देतात. मग त्याच श्वासात आधुनिक युद्धाची लोखंडी यंत्रे येतात. साथीला फक्त एक शामानी डफ असतो. ज्या देशात पावलोपावली लष्कराचे तळ होते, तिथे ही रचना पुराणकथा म्हणून गाता येत होती आणि वर्तमानपत्रासारखी ऐकता येत होती. पॅर्ट ह्यांनी शब्द लपवला, टोर्मिस ह्यांनी तो इतक्या जुन्या पेहरावात उभा केला की त्याला हटकणे अवघड झाले.

३

तिसरे दालन इलेक्ट्रॉनिक संगीताचे. इथे आपण बाल्टिक किनाऱ्यावरून नॉर्डिक देशांकडे वळतो, आणि इतिहासाचा प्रश्नही थोडा बदलतो. हे देश युद्धोत्तर काळात स्वतंत्र होते आणि तिथे सेन्सॉरची फाईल नव्हती. यंत्राचा निर्विकार आवाज तरी तारखेपासून मुक्त असेल, असे कोणाला वाटेल. एल्से मारी पाडे (१९२४–२०१६) ह्या डॅनिश संगीतकर्तीचे आयुष्य वेगळे सांगते.

जर्मन ताब्यातील डेन्मार्कमध्ये पाडे ऑर्हूस शहरातील प्रतिकार चळवळीत होत्या. १९४४ साली गेस्टापोने त्यांना पकडले. कोठडीच्या भिंतीवर त्यांनी कपड्याच्या बकलाने स्वर कोरून एक गाणे लिहिले. नंतर त्यांची रवानगी फ्रोस्लेव्ह येथील छावणीत झाली. सुटकेनंतर पियानोवादनाचे स्वप्न साधले नाही. १९५२ साली रेडिओवर पिएर शेफर ह्यांच्या 'काँक्रीट संगीता'ची माहिती त्यांच्या कानी आली आणि त्यांना वाट सापडली. लहानपणी आजारपणामुळे त्या वारंवार अंथरुणाला खिळत आणि खिडकीबाहेरच्या आवाजांतून जग जुळवीत. ध्वनिमुद्रित आवाजांपासून संगीत रचण्याची ही कल्पना त्यांना नवी वाटलीच नाही. डॅनिश रेडिओत काम करताना त्यांनी १९५८ साली 'सिंफनी मॅग्नेटोफोनिक' ही रचना केली. कोपनहेगनमधील एका दिवसाचे चोवीस तास त्यात फितीवर जमवलेले आहेत.

ही फीत ऐकताना लक्षात येते की, यंत्राने काळ पुसलेला नाही, उलट त्याला धरून ठेवले आहे. १९५८ चे कोपनहेगन आता कुठेच नाही, ते तिथे आहे. भिंतीवर कोरलेला सूर आणि फितीवर चिकटवलेला आवाज ह्यांच्यात मला एकच हालचाल दिसते : जे हातात असेल त्यावर खूण करून ठेवायची. पाडे ह्यांच्या कामाकडे अनेक दशके फारसे कोणी फिरकले नाही. वार्धक्यात त्यांना पुन्हा श्रोते मिळाले, आणि तेही इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या तरुण पिढीतले.

दुसरे उदाहरण फिनलंडच्या काइया सारियाहो (१९५२–२०२३) ह्यांचे. हेलसिंकीत १९७७ साली तरुण संगीतकारांनी 'कान उघडा' अशा अर्थाचे नाव घेऊन जी संघटना काढली, तिच्यात त्या होत्या. पुढे फ्रायबुर्ग आणि मग पॅरिस येथे त्या गेल्या, आणि पॅरिसच्या 'इर्काम' ह्या संस्थेत संगणकाच्या साहाय्याने नादाच्या अंतरंगाचे विश्लेषण करून त्यातून रचना उभारू लागल्या. त्यांच्या 'लिख्टबोगेन' (१९८६) ह्या कृतीला ध्रुवीय प्रकाशाची प्रेरणा होती, आणि तेवढ्यावरून त्यांना 'उत्तरेच्या प्रकाशाची संगीतकर्ती' ठरवणे सोपे झाले. मला त्यांची 'लोन्ह' (१९९६) अधिक बोलकी वाटते. एक स्त्रीकंठ आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी एवढ्यांसाठीच ती लिहिलेली आहे. संहिता बाराव्या शतकातील जोफ्रे रुडेल ह्या त्रुबादूर कवीची, भाषा जुनी ऑक्सिटन, आणि शीर्षकाचा अर्थ 'दूर'. गायिका ऑक्सिटनमध्ये गाते आणि भोवती त्याच कवितेचे अनेक भाषांतले कुजबुजते उच्चार संगणकातून येत राहतात. न पाहिलेल्या प्रियेच्या ह्याच विषयावर अमीन मालूफ ह्यांच्या संहितेवरून त्यांनी 'लामूर द ल्वँ' हा ऑपेरा लिहिला. तो २००० साली साल्झबुर्ग येथे आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सादर झाला. मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर स्त्रीने रचलेला ऑपेरा येण्याची ही दुसरी वेळ होती, आणि पहिली १९०३ ची. ही तारीखही ह्या संगीताचाच भाग आहे.

सारियाहो ह्यांना कोणी हद्दपार केले नव्हते. त्यांचे दूरपण त्यांनी स्वतः निवडले. त्यामुळे 'इन स्पे'मधील मुके स्वर आणि 'लोन्ह'मधील कुजबूज ह्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकीकडे शब्द उच्चारण्याची मनाई होती, तर दुसरीकडे एकाच शब्दाला अनेक भाषांत राहण्याची मोकळीक आहे. कानाला दोन्हीकडे तरंगते, अस्पष्ट उच्चार ऐकू येतात. 'उत्तरेचे गूढ' ह्या एकाच टोपलीत दोन्ही टाकले की हा फरक कायमचा हरवतो.

इलेक्ट्रॉनिक संगीताला तारीख अगदी भौतिक अर्थानेही असते. फीत झिजते, यंत्र कालबाह्य होते, जुना संगणक-कार्यक्रम नव्या यंत्रावर उघडत नाही. व्हायोलिनची स्वरलिपी दोनशे वर्षांनी वाचता येते, पण १९८० च्या दशकातील इलेक्ट्रॉनिक भाग पुन्हा वाजवण्यासाठी कोणीतरी तो नव्याने बांधावा लागतो. ज्याला आपण भविष्याचे संगीत म्हणत होतो, त्यालाच जतनाची सर्वाधिक गरज पडली.

४

ह्या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. संगीताला असे इतिहासाशी बांधणे म्हणजे त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे नव्हे काय? पॅर्ट ह्यांची शांतता केवळ सोव्हिएत दडपशाहीची प्रतिक्रिया असती, तर १९९१ नंतर ती ऐकण्याचे कारण उरले नसते. शिवाय त्यांचा शोध राजकीय नव्हताच. बारा स्वरांची पद्धती, कोलाज ह्या आधुनिक वाटा त्यांना अपुऱ्या वाटू लागल्या होत्या, आणि पुढचा प्रश्न श्रद्धेचा व शिल्पाचा होता. ह्या आक्षेपात तथ्य आहे. राजवटीने त्यांचा एक शब्द बंद केला, पण टिंटिनाब्युली राजवटीने दिलेली नाही. तशाच परिस्थितीत शेकडो संगीतकार होते, त्यांच्यापैकी कोणाला ती सापडली नाही. परिस्थितीने कृतीचा खुलासा होत नाही. कृती कुठून बोलते आहे, एवढेच तिच्यामुळे कळते.

पॅर्ट ह्यांची पुढील वाटचाल मात्र ह्या लेखाच्या बाजूने बोलते. पश्चिमेत आल्यावर त्यांनी १९८२ साली 'पास्सिओ' ही योहानाच्या शुभवर्तमानावरील दीर्घ रचना पूर्ण केली, आणि तेव्हापासून त्यांचे बहुतेक संगीत शब्दांतूनच उगवले. शब्दात किती अवयव आहेत, आघात कुठे पडतो, विरामचिन्ह कोणते आहे, ह्यावरून स्वरांची लांबी आणि दिशा ठरू लागली. ज्याला मुके राहावे लागले त्याने मोकळे होताच स्वल्पविरामालाही मान दिला. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांनी शांतीची प्रार्थना असलेली 'दा पाचेम दोमिने' लिहायला घेतली. २००६ साली पत्रकार आन्ना पोलित्कोव्हस्काया ह्यांची मॉस्कोत हत्या झाली, तेव्हा २००६–०७ च्या हंगामातील आपल्या रचनांचे सर्व प्रयोग तिच्या स्मृतीस अर्पण करावेत असे त्यांनी जाहीर केले. चौथी सिंफनी (२००८) त्यांनी तेव्हा तुरुंगात असलेल्या मिखाइल खोदोर्कोव्हस्की ह्यांना अर्पण केली. ज्या संगीताला जगाने कालातीत म्हटले, त्यावर स्वतः संगीतकार तारखा घालत होता.

पॅर्ट पुढे एस्टोनियात परतले. टालिनजवळ लाउलास्मा येथे पाइनच्या वनात २०१८ साली त्यांच्या कागदपत्रांचे केंद्र उघडले. त्यांच्या स्वरलिप्या आणि वह्या आता तिथे अभ्यासता येतात. लाटव्हियाने २०२३ हे वर्ष लिव्होनियन वारशाचे वर्ष म्हणून पाळले. पण ती भाषा घरात बोलणारी माणसे आता संगीताने परत येणार नाहीत, आणि टोर्मिस ह्यांनीही तसा दावा कधी केला नव्हता. सूर भाषेची जागा घेऊ शकत नाही. जागा कुठे होती, हे मात्र तो दाखवू शकतो.

वर्गात कविता शिकवताना 'कवी इथे थांबतो, कारण शब्द अपुरे पडतात' असे वाक्य आपण सहज बोलून जातो. कधी कधी ते खरेही असते. पण थांबण्याची कारणे अनेक असतात. शब्द सापडला नाही म्हणून थांबणे वेगळे, शब्द बोलू दिला नाही म्हणून थांबणे वेगळे, आणि तो समजणारे कोणी उरले नाही म्हणून थांबणे आणखी वेगळे. तिन्हींची शांतता कानाला सारखीच लागते. 'टाब्युला रासा'च्या अखेरीस जो मूळ स्वर वाजत नाही, तो टालिनच्या त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने मनात पुरा केला असणार. आपण तो आज, दुसऱ्या देशात, आपल्या खोलीत बसून पुरा करतो. तो आपलाच आहे असे वाटते, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. फक्त त्याच्या शेजारी ३० सप्टेंबर १९७७ ही तारीख लिहून ठेवावी.